शेकाआधी रोज स्कॅन कशाला, हे पेशंटला मराठीत सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर, गेल्या वर्षी त्यांचे रेडिएशनचे शेक झाले. बाराव्या दिवशी त्यांना शेक न देताच टेबलावरून उतरवलं आणि पाणी प्या, बाहेर बसा, एवढंच सांगितलं. वडील घाबरले, त्यांना वाटलं आजार वाढलाय आणि आपल्यापासून लपवतायत. मला वाटलं मशीन बिघडलं. आणि खरं सांगतो, शेकाआधी रोज जो स्कॅन काढतात तो बिल वाढवायलाच असणार असं आम्ही बाकावरचे नातेवाईक आपसात बोलायचो.

मग तिथल्या टेक्नॉलॉजिस्ट ताईंनी मला वडिलांचाच स्कॅन कॉम्प्युटरवर दाखवला. सुरुवातीला प्लॅनिंगसाठी काढलेला सीटी आणि आज टेबलावर काढलेला स्कॅन एकावर एक ठेवतात, कॉम्प्युटर हाडं जुळवून बघतो आणि टेबल कुठे किती मिलीमीटर सरकवायचं ते सांगतो. अंगावरच्या खुणा आणि भिंतीवरचे लेझर असतातच, पण त्यांनी कातडी जुळते, आतलं कसं दिसणार? प्रोस्टेट तर हाडाला धरून बसत नाही, ते लघवीची पिशवी आणि गुदाशय यांच्यामध्ये असतं, गुदाशयात गॅस झाला की पुढे ढकललं जातं. पिशवी रिकामी असली तर आतडं खाली उतरून किरणांच्या वाटेत येतं. त्या दिवशी वडिलांची हाडं बरोबर जुळली होती, पिशवी मात्र जवळजवळ रिकामी, आणि ते काही टेबल सरकवून दुरुस्त होत नाही. तासाभराने परत स्कॅन केला, जुळलं, शेक झाला.

वडिलांच्या फाईलवर 'ब्लॅडर फुल', म्हणजे लघवीची पिशवी भरलेली हवी, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, बस. ते 74 वर्षांचे, एसटीने दोन तास यायचे, वाटेत लघवी धरवत नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत! त्यांची यात काय चूक?

माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक रेडिएशन विभागाने पहिल्याच दिवशी मराठीत एक कागद द्यावा, लघवी किती वाजता करायची, नंतर किती ग्लास पाणी प्यायचं, पोट साफ का लागतं, स्कॅन कशाला, टेबल आपोआप का हलतं. वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. आपल्या आरोग्य पुरवणीतही हे चित्रासकट छापलंत तर आज बाकावर बसलेल्या कितीतरी घरांची भीती कमी होईल.

— एका पेशंटचा मुलगा, जि. सांगली