आण्णा, बोअर मारू दिला नाहीत त्याबद्दल थँक्यू

आण्णा, सा. न.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. चिडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आण्णा म्हणजे रामबागेतल्या आमच्या शेजारच्या वहिनींचे वडील, नगरकडचे, सगळी नोकरी मृदसंधारणात गेली, हिवाळ्यात लेकीकडे इंदूरला येतात आणि तिसऱ्या दिवशी पोहे-जलेबीला कंटाळून भाकरी मागतात. आमची महूच्या पुढे, जानापावच्या बाजूला आईच्या वाटणीची साडेतीन एकर आहे. विहीर ४० फूट, पण फेब्रुवारी लागला की बादली तळाला खडखडायची. एक बोअर आधीच फेल गेला होता, नुसती धूळ निघाली. दुसऱ्यासाठी मशीनवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला होता, तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारा बाबाही येऊन गेला होता (हो, आम्ही शिकलेल्या लोकांनी हे केलं, हसा). तुम्ही सहज शेत बघायला म्हणून आलात, विहिरीत डोकावलात पण नाही. पाठ करून मागच्या टेकडीकडे बघत विचारलंत, "ही कुणाची?"

ती पंचायतीची, चराईची, उघडी बोडकी. "पाणी तिथनं पळतंय आणि तुम्ही त्याला इथं खाली हुडकताय व्हय?"

मग तुम्ही बांधावरच शाळा घेतलीत. माळव्याखाली सगळा काळा पाषाण, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात, त्याखाली घट्ट दगड, फट लागली तर लागली, म्हणजे बोअर ही लॉटरी. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी आत घेतच नाही, म्हणून पाणी अडवायचे चर शेतात नाही, वर मुरमाड उतारावर खणायचे. माथा ते पायथा, म्हणजे टेकडीच्या डोक्यापासून अडवत खाली यायचं. हे शब्द मी पेपरात शंभरदा वाचले असतील, पण टेकडी चढून धापा टाकताना पहिल्यांदा कळले.

आणि तो टोमणा मला अजून लागलाय हं. "आमच्या नगरकडच्या हिवरे बाजार गावाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, तुमच्याकडं ९०० च्या वर, आणि टँकर तुम्ही मागवताय!" तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा हिशोब मांडतात आणि मगच पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, हे पण तेव्हाच सांगितलंत. आई म्हणाली, चौंडीची लेक अहिल्याबाई माळव्यात सून होऊन आली, तिने जागोजागी विहिरी-घाट बांधले, आता त्याच जिल्ह्यातला माणूस आम्हाला रागवायला आलाय, ऐकावंच लागेल. ॲडव्हान्स बुडाला तो बुडाला.

सरपंचांना पटवण्यात महिना गेला, ते सोडा. खणायला झाबुआकडची भिल्ल मंडळी आली. तुम्हाला हिंदी धड येत नाही, त्यांना मराठी नाही, पण तुम्ही दोन बांबू इंग्रजी A सारखे बांधून मध्ये आडवी काठी लावलीत, वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडलात, दोरी काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथे चुन्याचा ठिपका, मग एक पाय गरकन फिरवून पुढे. त्यातल्या म्हाताऱ्या दादांनी दोन मिनिटं बघितलं आणि बांबू तुमच्या हातातून घेतला. ते म्हणाले आमच्याकडे हातीपावाच्या डोंगरावर हलमा करतात, हजारो लोक आपापली कुदळ-फावडी घेऊन येतात आणि मजुरी न घेता खंत्या म्हणजे चर खणतात. आम्ही मात्र मजुरी देऊन खणत होतो, मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

आता कबुली. तुम्ही नगरला परत गेल्यावर शेवटच्या तीन ओळी आम्ही "अंदाजाने दिसतंय की सरळ" म्हणून ओळंब्याशिवाय आखल्या. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या चरांच्या सखल टोकाला जमलं आणि बांध फोडून गेलं, खाली हातभर घळ पडली. तुमच्या वरच्या ओळी जशाच्या तशा, मातीचा भराव उताराकडच्या बाजूला, त्यावर गवत पण उगवलं. फोटो पाठवला तर तुमचं उत्तर आलं, "छान. आता दगड वाहा." वाहिले. घळीत तीन ठिकाणी दगडी बांध घातले.

पाणी वापरण्यावरून भांडण झालं ते वेगळंच. यंदा विहिरीला बरं पाणी बघून ह्यांना लगेच लसूण वाढवायचा होता, मोकाट पाणी सोडून. तुम्ही फोनवर तासभर समजावलंत की विहिरीत आलेलं पाणी म्हणजे पगार, लगेच हप्ते बांधायचे नसतात. शेवटी लसूण अर्धा एकर ठिबकवर, बाकी हरभरा आणि थोडा आपला मालवी गहू, बाफल्यापुरता (उकडून भाजलेली बाटी), त्याला एकविसाव्या दिवसाचं पाणी चुकवायचं नाही आणि पुढची मोजून. दर अमावास्येला गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून आई वहीत लिहिते. मागच्या मे महिन्यात साडेपाच हात होतं. फार नाही, शेजारच्यांना वाटतंय पाऊसच चांगला झाला म्हणून, असेलही, पण बादली खडखडली नाही.

आणि घरचं राहिलंच. आम्ही इंदूरवाले ७० किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने घाट चढवून आणलेली नर्मदा पितो, आणि वापरून झाली की कान्ह नदीत, तिथून क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा. म्हणजे अरबी समुद्राचं पाणी आम्ही बंगालच्या उपसागराला पोचवतो! हे तुम्ही चहा पिताना बोटाने टेबलावर काढून दाखवलंत तेव्हा मुलगा उठून नकाशा घेऊन आला. आमची गच्ची १००० चौरस फुटांची, वर्षाला ६५-७० हजार लिटर गटारात जात होतं. आता फिल्टरमधून घरच्या जुन्या बोअरमध्ये जातं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं हे मी विसरले होते, कबुतरांची सगळी घाण आत गेली आणि दोन दिवस नळाला वास, तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

वहिनी म्हणतात यंदा गुडघे दुखतायत म्हणून तुम्ही यायचं नाही म्हणताय. टेकडीवर चढवत नाही तुम्हाला, खाली खाटेवर बसून आमच्यावर ओरडा. तीन ओळी परत आखायच्यात आणि ओळंबा अजून आमच्याकडेच आहे, आईने देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लटकवलाय. कुरिअरने पाठवणार नाही.

तुमची,
रामबागेतली शेजारीण