बाबांच्या पुस्तकातली खूण जपणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, पण त्यात तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, इतकं तुम्हाला ओळखते.

बाबांना मेंदूचा झटका येऊन गेल्यावर आम्हाला खूप माणसं भेटली. त्यांचं वाचन गेलं हे नुकसान आहे, असं मानणाऱ्या तुम्ही पहिल्या. बाकीच्यांच्या हिशेबात ते धरलेलंच नव्हतं. हातपाय चालतात, बोलणं स्पष्ट आहे, माणसं ओळखतात, मग तक्रार कसली? एका तज्ज्ञांनी फाइल मिटता मिटता सांगितलं, "या वयात वाचून काय करायचंय? टीव्ही बघा, आराम करा." दुसऱ्यांनी चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं. नवा चष्मा आला. अक्षरं स्वच्छ दिसायला लागली, आणि कळत मात्र एकही नव्हतं. आणखी एका ठिकाणी तर बाबा समोर बसलेले असताना मला विचारलं गेलं, "शिक्षण किती झालंय यांचं?" बाबांनी मान खाली घातली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या घरात पुस्तक म्हणजे काय होतं, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलंच नाही. रात्रीची आवराआवर झाली की बाबा मोठ्यानं वाचायचे. आई हातातलं काम करत ऐकायची, आम्ही भावंडं जागा मिळेल तिथे पसरलेली असायचो. एक नियम होता: सगळ्यांनी मिळून चाललेलं पुस्तक कुणी एकट्यानं पुढे वाचायचं नाही. बाबा कामासाठी बाहेर गेले तर गोष्ट तिथेच थांबायची, आणि आम्ही दिवसभर पुढे काय होईल यावर भांडायचो. अडलेला शब्द विचारला तर बाबा अर्थ सांगत नसत. "अजून दोन ओळी जाऊ दे, कळेल," म्हणायचे. बहुतेक वेळा कळायचंच. आम्ही मोठे झालो, घराबाहेर पडलो, तरी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सध्या काय वाचतेयस?" झटक्यानंतर त्यांनी तो विचारायचं सोडून दिलं.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे बाबांना लिहिता येत होतं. सही, पत्ता, आईसाठी औषधांची यादी, सगळं त्याच वळणदार अक्षरात. पण तीच यादी थोड्या वेळानं त्यांच्यापुढे धरली की ती परक्या लिपीत लिहिल्यासारखी त्यांना वाटायची. काही नातेवाइकांना हे नाटक वाटलं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की याला नाव आहे, प्युअर अलेक्सिया. पॅरिसमधले मेंदूतज्ज्ञ जूल देजेरिन यांनी १८९२ साली असाच एक रुग्ण नोंदवून ठेवलाय, लिहू शकणारा पण स्वतःचं लिहिलेलं वाचू न शकणारा. डोळे शाबूत, भाषा शाबूत, दोघांना जोडणारा रस्ता तेवढा खचलेला. शिवाय उजवीकडची नजरही गेली होती. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ओळीत पुढे येणारा शब्दच त्यांना दिसत नव्हता. हे ऐकताना बाबांचा चेहरा मी बघत होते. आपण वेडे झालेलो नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

पण मला आभार मानायचे आहेत ते याच्याही आधीच्या एका गोष्टीचे.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा खोलीत पुस्तकं नव्हती. "बघून त्रास होईल" म्हणून एका जवळच्या माणसानं ती परस्पर माळ्यावर टाकली होती. एकच उरलं होतं, कारण ते बाबांच्या हाताखाली होतं. झटका येण्याच्या आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं. बाबांनी ते खुर्चीवर ठेवलं होतं आणि तुम्हाला बसायला तीच खुर्ची होती. तुम्ही पुस्तक उचललंत. आत घातलेली कागदाची घडी अर्धी बाहेर आली होती. तुम्ही ते पान उघडून बघितलंत, घडी पुन्हा नेमकी त्याच पानात सरकवलीत, पुस्तक दोन्ही हातांनी बाबांना दिलंत आणि विचारलंत, "इथवर आलात का? मग पुढे जायचंय ना?"

तुम्हाला हे आठवतही नसेल. बाबांनी उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. त्या क्षणापर्यंत आम्ही सगळे ते पुस्तक संपलं असं धरून चाललो होतो. तुमच्या लेखी ते चालू होतं. समोरचा माणूस रुग्ण होण्याआधी वाचक आहे, आणि त्याचं एक पान मध्येच राहिलंय, एवढंच तुम्ही पाहिलंत. त्या रात्री बाबा झोपले ते पुस्तक छातीवर घेऊन, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली.

पुढचे कष्ट तुमचे आणि बाबांचे. त्याचा तपशील इथे मांडत नाही. पण एक सांगायलाच हवं. डोळ्यांना न ओळखता येणारं अक्षर बोटानं गिरवलं की हाताला ते आठवतं, ही युक्ती तुम्ही दिलीत आणि घरात पुन्हा आवाज आला. घ आणि ध, भ आणि म बाबांना सारखेच दिसायचे. बोट फिरवलं की लगेच वेगळे व्हायचे. ऱ्हस्व वेलांटी फार छळायची, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरांपाशी तर ते हताश व्हायचे. तुम्ही एकदाही "सोपं आहे" म्हणाला नाहीत. "अवघड आहे, सावकाश करू," म्हणालात. घाई करणाऱ्या आम्हा मुलांना डोळ्यांनी गप्प केलंत, त्याबद्दलही धन्यवाद.

आणि मधल्या काळात बाबा पुस्तकं ऐकायला लागले तेव्हा कुणीतरी "ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे" असं म्हणालं. तुम्ही त्यावर बाबांनाच विचारलंत, "काल ऐकलेल्यातलं कोणतं पात्र आवडलं?" ते अर्धा तास बोलत राहिले. बोलणाऱ्याला उत्तर मिळालं आणि त्याचा अपमानही झाला नाही. असा सभ्यपणा फार कमी बघायला मिळतो. ज्ञान असलेली माणसं आम्हाला पुष्कळ भेटली. पण समोरच्याला लहान न करता ते ज्ञान देणं, त्याच्याविषयी बोलताना त्याच्याकडेच बघणं, त्याच्या वस्तूला हात लावताना ती त्याची आहे हे लक्षात ठेवणं, याला वेगळी फी लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. तरी ते का होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दवाखान्याच्या बाकांवर आमच्यासारखीच आणखी किती माणसं मान खाली घालून बसलेली असतील!

बाबा आता वाचतात. पूर्वीसारखं नाही, तसं बहुधा होणारही नाही, आणि तुम्ही तशी खोटी आशा कधी दाखवली नाहीत. एक परिच्छेद व्हायला बराच वेळ लागतो. रात्री ते सुरुवात करतात, थकले की आई पुढचं वाचते. ती चुकीच्या जागी थांबली तर ते तिला थांबवतात आणि स्वल्पविराम कुठे होता ते सांगतात. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी मला विचारलं, "सध्या काय वाचतेयस?" मला काही क्षण बोलताच आलं नाही.

त्यांचा एक निरोप आहे, तो तसाच कळवते. तुमच्याकडे असा दुसरा कुणी वाचणारा माणूस आला आणि त्याला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर बाबा तयार आहेत. मात्र वेळ सकाळची द्या. दुपारनंतर अक्षरं त्यांना लवकर दमवतात.

तुमची ऋणी,
एका वाचकाची मुलगी