रविवारची बैठक : भांडी घासून आणू नका!

सर्व सभासदांना नमस्कार. आपली, जुनी भांडी जमवणाऱ्यांची, मासिक बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीप्रमाणे नवी पेठेतच. प्रत्येकाने एकच भांडं आणावं. मागच्या वेळी टेबल पुरलं नाही.

कळकळीची विनंती : चिंच, राख, लिंबू, काहीही लावू नका. हा गाढवपणा मी स्वतः करून बसलोय. आजीच्या पितळी फुलपात्रावर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि लग्नाची तारीख घातलेली होती. घासून लख्ख केलं आणि सालातला शेवटचा आकडाच पुसट झाला. आता साल कोणतं, यावरून घरात दोन तट आहेत.

या वेळी विषय इंग्लंडच्या राजांच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून काढलेल्या मगांचा. आठव्या एडवर्डचा मग 'दुर्मीळ' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. सोहळा १२ मे १९३७ ला ठरला होता, त्याचे मग आधीच ढिगाने तयार झाले, आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादीच सोडली. (ठरल्या तारखेला अभिषेक झाला तो भावाचा, सहाव्या जॉर्जचा.) न झालेल्या सोहळ्याचे मग आजही भरपूर सापडतात.

झाकणाचं टँकार्ड (बिअरचा मोठा मग) आणणाऱ्यांनी ते झाकणाला धरून उचलू नये, बिजागरी निखळते. ते जुन्या प्युटरचं असेल, तर या मिश्रधातूत कथलाबरोबर बऱ्याचदा शिसंही असतं, तेव्हा त्यातून ताक पिऊन दाखवायची हौस नको. गुंडाळायला वर्तमानपत्र नको, शाई लागते. जुनी मऊ चादर घ्या. सोलापुरात चादरीला काय तोटा!

वर्गणी राहिलेल्यांनी तिथेच द्यावी. चहा मिळेल, कागदी कपात.