गळकी बाटली आणि 'दुसऱ्या बाटलीत ओता' हा सल्ला: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळून फवारायचे द्रावण) या कीटकनाशकाच्या सदोष पॅकिंगबाबत व मदत क्रमांकावरील धोकादायक सल्ल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे वरील कीटकनाशक मी परवानाधारक विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतले. एक लिटरची बाटली सील न तोडता कुलूपबंद कपाटात उभी ठेवली होती. फवारणीसाठी काढायला गेलो तर झाकणाखालून औषध पाझरलेले, बाटलीच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या आणि लेबलची शाई उतरलेली. विषारीपणा दाखवणारा पिवळा त्रिकोण तेवढा ओळखू येतो. औषधाचे नाव, मुदत, विषबाधेवरच्या उताऱ्याच्या ओळी, सगळे पुसले गेले. बॅच क्रमांक बिलावर होता, म्हणून निदान तो तरी कळवता येतो आहे.

एखादी बाटली खराब निघू शकते. मदत क्रमांकावर मिळालेले उत्तर मात्र गळतीपेक्षा वाईट आहे: "स्वच्छ बाटलीत ओतून ठेवा, औषध वाया जाणार नाही." घरात स्वच्छ बाटली कुठली असते? पाण्याची नाहीतर सरबताची! उद्या त्यातले कुणाच्या पोटात गेले, तर डॉक्टर आधी विचारणार, औषध कोणते? क्लोरपायरीफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट गटातले विष आहे. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा देतात; प्रत्येक विषावर ते चालत नाही. हे सांगणारे लेबल तर जुन्या बाटलीवर राहणार, आणि माझ्या बाटलीवर तेही पुसलेले.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालील १९७१ च्या नियमांप्रमाणे पॅकिंग नोंदणी समितीने मान्य केलेल्या प्रकारचेच लागते, त्यावर लेबल आणि आत माहितीपत्रक लागते. वापरून झालेली रिकामी बाटलीसुद्धा पुन्हा कुणाच्या हाती लागू नये, अशी तिची विल्हेवाट लावा, असे हेच नियम सांगतात. मग भरलेल्या औषधासाठी घरातली बाटली शोधा, असे आपला माणूस कशाच्या आधारावर सांगतो? पिवळा त्रिकोण हा लालच्या खालोखाल विषारी गट आहे, एवढे तरी त्याला शिकवले आहे का?

ईसीमधील द्रावक न मानवणाऱ्या प्लास्टिकमध्ये शिरतो, हे आपल्या पॅकिंग विभागाला नवीन नसावे. तेव्हा या बॅचसाठी कोणती बाटली वापरली आणि ती मान्य प्रकारातली होती का, हे लेखी कळवावे. त्याच बॅचचा विक्रेत्यांकडील माल तपासावा, आणि मदत क्रमांकावरचा तो सल्ला आजपासून बंद करावा. पैसे परत द्याल ते द्याल, पण आधी आपला प्रशिक्षित माणूस पाठवून ही बाटली घेऊन जा. मी ती दुसरीकडे ओतलेली नाही. झाकणाच्या प्लास्टिक बादलीत कोरड्या वाळूत उभी करून, वर नाव लिहून त्याच कपाटात कुलूपबंद ठेवली आहे.

बिलाची प्रत व बाटलीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या पत्राची प्रत कीटकनाशक निरीक्षकांकडे पाठवली आहे.

आपला,
एक ग्राहक