आधी तिकीट फाडा, मग पैसे घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाच तारखेला सकाळी केबलच्या वसुलीचा मुलगा दारात आला आणि म्हणाला, "काका, या महिन्यापासून साडेचारशे." दिवाळीला तीनशे ऐंशी होते. त्याच्या आदल्या वर्षी साडेतीनशे. कशाचे वाढले विचारलं, तर "वरूनच वाढलंय." पावती मागितली, तर "मोबाइलवर मेसेज येईल." मेसेज आला खरा. त्यात बॉक्सचा नंबर, रिचार्ज झाल्याचं एक वाक्य आणि 'थँक्यू'. साडेचारशे रुपये कशाकशाचे, याबद्दल अवाक्षर नाही.

पोरगा चांगला आहे. पावसात छत्री धरून खांबावर चढतो, सौ.ना 'काकू' म्हणतो, चहाला नाही म्हणत नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, पंढरपूर या रस्त्यावर ३१ वर्षं तिकिटं फाडली. आधी पत्र्याचा ट्रे आणि पंच, शेवटची काही वर्षं मशीन. एकदा बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरलेली, माहुलीचा पूल ओलांडला आणि लाइन चेकिंगवाल्यांनी हात केला. एका म्हातारीचे तीन रुपये माझ्या हातात आणि तिचं तिकीट अजून ट्रेमध्येच. गर्दीतून परत येऊन देणार होतो, पण कोण ऐकतंय? मेमो मिळाला. तेव्हा फार लागलं, पण चूक माझीच होती. पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही, यापुढे कंडक्टरने काही बोलायचंच नसतं. तेच काम आता दर महिन्याला माझ्याच उंबऱ्यावर होतं आणि त्याला सेवा म्हणतात.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार आणि केबलच्या सरकारी नियामकाची, नवी पद्धत लागू झाली, तेव्हा पेठेतले सगळे कुरकुरत होते आणि मी एकटा खूश होतो. कारण ती पद्धत मला कळली. जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये, त्यात १०० वाहिन्या, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे गाडीत पाय ठेवण्याचं भाडं. पैशाच्या वाहिन्या हव्या असतील तर प्रत्येकीच्या किमतीप्रमाणे टप्पा वाढत जाणार. पुढे तर १३० मध्येच २०० वाहिन्या देण्याचा नियम झाला. म्हटलं, चला, कुणीतरी टप्पे पाडून दिले.

त्याच उत्साहात नातवाच्या वहीचं पान फाडून यादी केली होती. सौ.च्या मालिकांच्या चार मराठी वाहिन्या पैशाच्या. बाकी माझी सह्याद्री, बातम्या आणि आईसाठी कीर्तनाची एक, या फुकटातल्या. त्या चार वाहिन्या प्रत्येकी १९ रुपये धरल्या तरी ७६ होतात, कर धरून ८९ रुपये ६८ पैसे. सगळे मिळून २४३ रुपये ८ पैसे. पैशापैशाचा हिशेब मांडून यादी केबलवाल्याच्या दुकानात नेऊन दिली. मालकांनी ती वाचलीसुद्धा नाही. "काका, सुटं महाग पडतं, पॅकच घ्या." महाग कसं पडतं ते मात्र कागदावर मांडून दाखवायला तयार नाहीत. शेवटी पॅकच आला.

त्या पॅकमध्ये काय काय आहे ते मी परवा रात्री वही घेऊन बसून मोजलं. सौ. म्हणाली, याला निवृत्तीनंतर हेच काम उरलंय. तीन कार्टूनच्या (नातू पुण्यात, इथे आला तरी फोनमध्येच डोकं), तेलुगू सिनेमाची एक, इंग्रजी बातम्यांच्या दोन, रात्रंदिवस तव्यावर काहीतरी परतत बसणारी एक आणि अशा कितीतरी, ज्यांवर आमच्या घरात कुणी पाच मिनिटंही थांबलेलं नाही. कोरेगावला उतरणाऱ्या माणसाच्या हातात पंढरपूरचं तिकीट ठेवायचं आणि वर सांगायचं, घ्या, पॅकमध्ये स्वस्त पडतं! आमच्या गाडीत असं कुणी केलं असतं तर लोकांनी बस थेट पोलीस ठाण्यात नेली असती.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली. जोडणीचा आकार किती घ्यायचा, कुठल्या भागात किती घ्यायचा, हे आता ज्या त्या केबल कंपनीने ठरवायचं आणि जाहीर करायचं. स्पर्धेमुळे दर आपोआप आटोक्यात राहतील, असा त्यामागचा विचार असावा. दिल्लीत बसून तो बरोबरही वाटत असेल. आमच्या गल्लीत तार एकच येते. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याची आहे, पण तो इकडे येत नाही आणि हा तिकडे जात नाही. आणि जाहीर केलेला दर मी अजून पाहिलेला नाही, ना दुकानाच्या भिंतीवर, ना मेसेजमध्ये.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांवरून मोठ्या वाहिन्या आणि केबल कंपन्यांचं वाजलं आणि वाहिन्यांनी प्रक्षेपणच तोडलं, ते वाचकांना आठवत असेल. आमच्याकडे काही दिवस सौ.च्या मालिकांच्या जागी नुसती पाटी. भांडण त्यांचं, पडदा आमचा काळा. त्या महिन्याचं बिल पूर्ण भरलं. गाडी घाटात बंद पडली तर आम्ही प्रवाशांना मागच्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून देत होतो.

मुलगा म्हणतो, बाबा, केबल काढा, फोनवर सगळं दिसतं. दिसत असेल, पण सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि आई ८४ वर्षांची आहे. तिला रिमोटवरची दोन बटणं कळतात आणि तेवढ्यावर तिची संध्याकाळ जाते. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, तेही शोधून झालं. पण सौ. बघते त्यांतली एकही वाहिनी त्यावर लागत नाही. हे केबलवाल्यालाही चांगलंच ठाऊक आहे. ज्यांना सोडून जाणं शक्य होतं ते गेले. उरलेल्या म्हाताऱ्या घरांवर गेलेल्यांचा बोजा पडतोय, असा माझा कंडक्टरी अंदाज आहे. गाडी रिकामी धावायला लागली की आमच्याकडेही आधी भाडंवाढीचीच चर्चा व्हायची.

कस्टमर केअरला फोन केला. सतरा मिनिटं गाणं ऐकलं, मग एक ताई म्हणाल्या, तुमच्या ऑपरेटरशी बोला. ऑपरेटर म्हणाले, कस्टमर केअरला लावा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे मला त्यानंतर समजलं. १९९५ च्या केबल कायद्यात जिल्हाधिकारी आणि प्रांत यांना प्राधिकृत अधिकारी नेमलेलं आहे. त्यांना आपल्या पत्रातून एवढंच विचारायचं आहे की, या मार्गावर लाइन चेकिंग शेवटचं कधी झालं?

दर कमी करा असं माझं म्हणणंच नाही. तारेला खर्च आहे, त्या खांबावरच्या पोरालाही पगार मिळाला पाहिजे. जोडणीचे किती, कुठल्या वाहिनीचे किती, कराचे किती, हे मला कागदावर हवं आणि मी मागितलेल्या वाहिन्यांचंच हवं.

येत्या पाच तारखेसाठी पैसे सुट्ट्यांसकट पाकिटात घालून टीव्हीवर ठेवले आहेत. वसुलीच्या मुलाने येताना पावतीपुस्तक आणावं. नाही आणलं तर चहा मिळेल, पाकीट मिळणार नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक, सातारा