उसाच्या फडात उपग्रहाची टाकी सापडली तर? : जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर
यांस सविनय नमस्कार.

2 एप्रिल 2022 रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे आकाशातून पडले आणि पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. हे अवशेष चिनी रॉकेटचे असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. कोणाला इजा झाली नाही. आपल्या जिल्ह्यात असे घडण्याची शक्यता फार थोडी आहे, हे मला मान्य आहे. माझी चिंता वस्तू पडल्यानंतरची आहे.

रॉकेटचा टप्पा वातावरणात शिरला की बराचसा जळून जातो, परंतु टायटॅनियमच्या टाक्या ती धग सोसून जमिनीपर्यंत पोहोचू शकतात आणि त्यांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी अनेक वर्षे भंगाराच्या निवडीवर देखरेख केली. जुने शॉकअब्सॉर्बर आम्ही एकेक करून बाजूला काढायचो, कारण तोंड बंद असलेली वस्तू भट्टीत गेली की स्फोट होऊन वितळलेला रस अंगावर उडतो. उसात पडलेला गोळा तोडणीपर्यंत कोणाला दिसणार नाही आणि दिसला की तो भंगारवाल्याच्या काट्यावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा प्रश्न भरपाईचा. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते, मग त्याची चूक असो वा नसो. 1978 मध्ये कॅनडात कोसळलेल्या ‘कॉसमॉस 954’ या अणुभट्टीवाहू सोव्हिएत उपग्रहापोटी कॅनडाला 1981 मध्ये 30 लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. असा दावा केंद्र सरकारच करू शकते आणि त्याला साधारण एक वर्षाची मुदत असते. पण त्याचा पाया तलाठ्याच्या पंचनाम्यातच घातला जाणार. 2019 च्या महापुरानंतर पंचनाम्यातल्या एका चुकलेल्या गट नंबरापायी किती हेलपाटे पडतात, हे आम्ही भोगले आहे.

जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात याची तरतूद असेलही, परंतु आमच्या पोलीस पाटलांना ती ठाऊक नाही. म्हणून विनंती अशी, की येत्या मान्सूनपूर्व बैठकीत पोलीस पाटील, तलाठी आणि भंगार व्यावसायिक यांच्यासाठी एक पानी सूचना काढावी : अशा वस्तूला हात लावू नये, लोकांना दूर ठेवावे, 1077 वर कळवावे आणि वस्तू हलवण्यापूर्वी फोटोंसह पंचनामा करावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर