बोटाची प्रत्येक जखम नखुरडं नसते

संपादक महोदय,

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपल्या अंकात आली की मी आधी पत्नीची बोटं बघतो. तिला स्क्लेरोडर्मा आहे. डॉक्टरांच्या भाषेत सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि रक्तवाहिन्या जाड, कडक होत जाण्याचा आजार.

चार वर्षांपूर्वी तिच्या तर्जनीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी जखम झाली. नखुरडं समजून आम्ही बोट लिंबात खोचलं. मग मलमं झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. साखर तीनदा तपासली, तीही ठीक. रात्री ती हात छातीशी धरून बसून राहायची, बोटाला पांघरूण लागलेलंही सोसायचं नाही. एका ठिकाणी तर बोटाचं टोक कापायचा सल्ला मिळाला. यात पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत कुणीही तिला विचारलं नाही, की गार पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरी पडतात का? पडत होती, कित्येक वर्षं. आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल. आम्ही म्हणायचो, हिला थंडी बाधते. याला रेनॉड म्हणतात. स्क्लेरोडर्मात बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद होतात आणि गारठ्याने आणखी आवळतात. टोकाला रक्तच पोहोचत नसेल तर नुसत्या मलमाने जखम कशी भरणार? स्क्लेरोडर्माच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी अशी जखम होते.

अखेर संधिवाततज्ज्ञांनी आजार ओळखला. अर्धशिशीसाठी ती प्रोप्रॅनोलॉल घेत होती. त्यानेही रेनॉड वाढतो, म्हणून ते बदललं. रक्तवाहिन्या सैल करणारं निफेडिपिन सुरू झालं, मग सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध. ही चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो तेव्हा लोक माझ्याकडे बघू लागले. त्यांना सांगावंसं वाटतं, तेही रक्तवाहिन्या सैल करणारं औषध आहे आणि माझ्या पत्नीचं बोट त्याने वाचलं. (छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटच्या गोळ्यांसोबत मात्र ते कधीही घ्यायचं नसतं.) याने भागलं नाही तर इलोप्रॉस्ट नावाचं तशाच कामाचं औषध शिरेतून देतात. बोसेंटन नावाच्या आणखी एका औषधाने असलेली जखम लवकर भरत नाही, पण नव्या जखमा कमी होतात. त्यासाठी यकृताची तपासणी नियमित करावी लागते आणि गरोदरपणात ते चालत नाही.

गावाकडच्या बायकांसाठी एक मुद्दाम लिहितो. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. अशा रुग्णांनी ती सोडायलाच हवी. थंडीत नुसते हातमोजे पुरत नाहीत. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, पायांत मोजे हवेत, कारण सगळं अंग गारठलं की बोटांचं रक्त आधी आटतं. जखमेतून पू आला किंवा बोट काळं पडू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि माझी डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. बोटाच्या टोकाची जखम महिनाभरात भरली नाही, तर रुग्णाला तो एक प्रश्न विचारा आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा. पत्नीची जखम भरली, पण तर्जनीचं टोक कायमचं खचलं आहे. ती आता भाकरी तीन बोटांनी थापते.

– एक वाचक, नाशिक